पाण्याच्या रात्री मोडलेला खुबा : सोलापूरच्या पूर्व भागातलं एक प्रकरण

रुग्ण स्त्री, वय ७४, आधार कार्डावर ७१. वजन ४१ किलो. व्यवसाय विडी वळणे, आता बंद. पहाटे घराच्या दारात पडली. उजवा पाय उचलता येत नाही, पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. एकटी राहते.

माझ्या वहीतल्या या नोंदीतले शेवटचे दोन शब्द नंतर, वेगळ्या शाईनं लिहिलेले आहेत. ही बाई सोळा वर्षं माझ्या दवाखान्यात येत होती. बीपीची गोळी, कंबर दुखते, झोप लागत नाही, या तिच्या ठरलेल्या तक्रारी. ती एकटी राहते हे मला ठाऊक नव्हतं. बरोबर दर वेळी कोणी ना कोणी असायचं, लेक, नात, नाहीतर शेजारीण, आणि मी समजून चालले होते की घर भरलेलं आहे. रेशन कार्डावरही पाच नावं आहेत. त्यातली चार माणसं त्या घरात राहत नाहीत, एवढंच.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बोळात सगळे तिला अव्वा म्हणतात, मीही तेच म्हणते.

त्या रात्री काय झालं

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे बाहेरगावच्या वाचकाला सांगावं लागतं. सोलापूरकराला त्याचं काही वाटेनासं झालंय. चार-पाच दिवसांतून एकदा, भागाभागाच्या पाळीनं पाणी सुटतं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण वजा पातळीत, म्हणजे मृत साठ्यात गेलेलं होतं, पारा त्रेचाळीसच्या पुढे, आणि पाळी कधी यायची याचा नेम उरला नव्हता. पूर्व भागातल्या बोळांत जोर कमी म्हणून लोकांनी नळ खाली खड्ड्यात घेतलेले आहेत. ज्यांची ऐपत आहे त्यांनी मोटारी लावल्या आहेत. अव्वाकडे मोटार नाही. म्हणजे मोटारवाल्यांचे बॅरल भरून झाले की मगच तिच्या नळाला धार लागते, आणि तोवर पाणी जायची वेळ झालेली असते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रात्री अडीचच्या सुमाराला पाणी आलं. अव्वा उठली. दारातला दिवा आठ दिवसांपासून गेलेला होता. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा पिकून तसाच आहे. खड्ड्यातून घागर वर काढायची, दोन दगडी पायऱ्या चढायच्या, उंबरा ओलांडायचा आणि मोरीतल्या पिंपात ओतायची. चौथ्या की पाचव्या घागरीला, तिलाही नक्की आठवत नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती ओल्या शहाबादी फरशीवर उजव्या कुशीवर पडली.

तिनं हाका मारल्या. त्या वेळी बोळात सात-आठ मोटारी चालू होत्या. दोन-अडीच तास ती तिथंच पडून होती. साडेपाचला दूध आणायला निघालेल्या शेजारणीला ती दिसली, आणि तिनं पहिलं वाक्य उच्चारलं ते असं की नळ बंद कर, पाणी वाया चाललंय.

मला फोन आला तेव्हा सहा वाजले होते. पाय बघितल्यावर एक्स-रेची गरजच नव्हती. खुब्याचं हाड.

तिच्या डोळ्यांपुढची अंधारी आणि माझी चिठ्ठी

घसरून पडली, असं केसपेपरवर लिहिलं गेलं. मला ते पटलं नाही, कारण ती आधी अंधारी आली म्हणाली होती. तिला ॲम्ब्युलन्समध्ये घातल्यावर मी तिच्या घरात मागे राहिले आणि देवळीतली औषधांची पिशवी उलटी केली. ही सवय मी सोळा वर्षांपूर्वी लावून घ्यायला हवी होती.

पिशवीत तीन ठिकाणची औषधं होती. माझी बीपीची गोळी. डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी बीपी वाढलेलं दिसलं म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यानं दिलेली बीपीची दुसरी गोळी, जी बंद करायला कोणी सांगितलंच नाही. आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी, रोज एक, कधी दोन, कित्येक वर्षं.

सूत इथून उलगडतं. नवव्या-दहाव्या वर्षापासून मांडीवर सूप घेऊन, पाठीत वाकून विड्या वळल्यावर कंबर दुखणारच. दुखणाऱ्या कंबरेवर मेडिकलमधली गोळी. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्या की बीपी चढतं. बीपी चढलं की डॉक्टर, म्हणजे मी, बीपीची गोळी वाढवते. गोळ्या दोन झाल्या, वर उन्हाळा, पाणी जपून प्यायचं म्हणून दिवसाला चार पेले, की माणूस झोपेतून उठून उभं राहिल्याबरोबर रक्तदाब खाली येतो. पुढे वॉर्डात मी तिचं बीपी आडवं असताना मोजलं ते १४६ होतं, आधार देऊन बसतं केल्यावर ११८. बसल्यावर एवढा उतार, तर घागर घेऊन पायरी चढताना काय झालं असेल?

चौथी गोळी झोपेची होती आणि ती माझ्याच अक्षरात लिहिलेली होती. सहा वर्षांपूर्वी, नवरा गेल्यावर, पंधरा दिवसांसाठी म्हणून दिली होती. पासष्टीच्या पुढच्या माणसाला झोपेच्या या गोळ्या दिल्या की पडण्याचं भय वाढतं, हे कॉलेजात शिकवलेलं असतं. पंधरा दिवसांची चिठ्ठी सहा वर्षं चालत राहते, कारण ओपीडीत पुढचा पेशंट बसलेला असतो आणि म्हातारी म्हणत असते, तेवढी एक गोळी राहू द्या, तिच्यावरच रात्र निघते.

वजन ४१ किलो कसं झालं, हेही त्याच सकाळी कळलं. डब्यात कडक भाकरी होती, महिना-महिना टिकणारी, आपल्या सोलापूरची शान. वरचे दात एकही नाहीत. ती भाकरी चहात बुडवून मऊ करून खायची, दोन्ही वेळा. शेंगाची चटणी तिखट लागते म्हणून सोडलेली. डाळ एकटीसाठी कोण शिजवतं? हाडं ठिसूळ होती, त्यांच्यावरचं मांसही उतरलेलं होतं. पडताना सावरायला लागणारी ताकद मांडीत असते, ती तिच्याकडे राहिलेली नव्हती.

घर रिकामं कसं झालं

इथं थोडं मागं जायला हवं, कारण अव्वाच्या घराची गोष्ट सोलापूरचीच आहे.

तिच्या सासऱ्याचं कुटुंब तेलंगणातून विणकामासाठी इथं आलं. पूर्व भागातल्या पद्मशाली समाजाचा इतिहास बहुतेक असाच आहे. दुष्काळानं माग बंद पडायचे, आणि सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी, आपण जिला जुनी मिल म्हणतो ती, सुरू झालेली होती. मागोमाग आणखी गिरण्या आल्या, हातमाग आले, पुढे यंत्रमाग आले. त्या काळचं सोलापूर हे बाहेरून आलेल्या धट्ट्याकट्ट्या तरुणांचं गाव होतं. अव्वाचा नवरा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये विणाई खात्यात होता. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली, तो यंत्रमागावर टॉवेल काढायला लागला, आणि एकसष्टाव्या वर्षापासून खोकत खोकत पुढची काही वर्षं काढून गेला.

अव्वाला सात मुलं झाली, चार जगली. तिच्या थोरल्या लेकीला तीन. त्या लेकीच्या मुलीला एक, आणि ती म्हणते पुरे. सातावरून तीनावर, तीनावरून एकावर. पाठ्यपुस्तकात यालाच जननदराची घसरण म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ होता, लोकसंख्या आहे तेवढी राखायला २.१ लागतो. मुलं कमी झाली, जन्मलेली बहुतेक जगली, म्हातारी माणसं पूर्वीपेक्षा जास्त वर्षं काढू लागली. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं शंभरात ८.६ होती, महाराष्ट्रात ९.९. देशात तेव्हा असे सुमारे १०.४ कोटी लोक होते, आणि सरकारच्या तज्ज्ञगटाच्या अंदाजानं २०३६ पर्यंत ते २२.७ कोटींवर जातील.

पण लोकसंख्या म्हातारी होण्याची ही दोनच कारणं सांगितली की सोलापूर हातातून सुटतं. इथं तिसरं कारण जोरात आहे. २००१ ला शहरात ८.७२ लाख लोक होते, २०११ ला ९.५१ लाख. दहा वर्षांत वाढ नऊ टक्क्यांच्या आसपास, त्याच काळात राज्याची जवळजवळ सोळा. नुसत्या जन्म-मृत्यूंच्या फरकानंही शहर याहून थोडं जास्तच वाढायला हवं होतं. म्हणजे आले त्याहून जास्त गेले, आणि जाणारा माणूस सहसा साठीचा नसतो. तो बावीस-पंचवीसचा असतो. सकाळी साडेसहाच्या, पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसला सोमवारी बघा, पाठीवर सॅक आणि पिशवीत आईनं दिलेली शेंगाची चटणी. अव्वाचा एक मुलगा पुण्यात गोदामात, दुसरा भिवंडीत मागावर, धाकटी लेक तेलंगणात दिलेली. उरली थोरली लेक, तीन बोळं सोडून पलीकडे.

२०२१ ला व्हायची जनगणना झालीच नाही. त्यामुळे कुठल्या प्रभागात किती म्हातारी माणसं आहेत, त्यातली एकटी किती, हे आपण अजून २०११ च्या आकड्यांवर बोलतो. वृद्धांची देशव्यापी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली, तिच्यात साठीपुढचे शंभरातले जेमतेम सहा एकटे राहतात असं दिसलं. आकडा खोटा नसेल. पण आमच्या बोळात एकतीस घरं आहेत, आणि आशाताईबरोबर पाण्याच्या रात्री स्वतः घागर उचलणारी साठीपुढची माणसं मोजायला बसले तेव्हा हातांची दहा बोटं पुरली नाहीत. रेशन कार्डावर त्यातलं कोणीच एकटं नव्हतं.

दवाखान्यात

ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, पैसे फारसे लागले नाहीत, हे आधी कबूल करते. पण ते पाचव्या दिवशी झालं. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत टेबलावर घ्यावं, असा नियम आहे. जितके दिवस तो पडून राहील तितकं फुप्फुस बसतं, पाठीला जखम होते, रक्ताची गुठळी होते. उशीर झाला तो नावामुळे. रेशन कार्डावर तिचं तेलुगू नाव एका पद्धतीनं लिहिलेलं, आधारवर दुसऱ्या, आणि आधारवरची जन्मतारीख कुणीतरी १ जानेवारी टाकून दिलेली. त्यात विड्या वळून वळून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या, यंत्र ठसा घेईना. लेक तीन दिवस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत होती.

ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री अव्वा बदलली. सलाईन काढून टाकलं, पलंगावरून उतरायला लागली, मराठी बोलेचना, सगळं तेलुगूत. वॉर्डातली सिस्टर अक्कलकोटकडची, तिला मराठी येतं, कानडी येतं, तेलुगू नाही. वेड लागलं म्हातारीला, असं तिनं लेकीला सांगितलं आणि हात बांधायची तयारी केली. लेकीनं मला फोन लावला. मी विचारलं, बोलतेय काय? लेक म्हणाली, "मॅडम, ती विचारतेय भोंगा झाला का. दुसऱ्या पाळीचा डबा पाठवायचाय म्हणते."

मिलचा भोंगा बंद होऊन तीस वर्षं होत आली.

हे वेड नाही. म्हाताऱ्या मेंदूवर ऑपरेशन, भूल, दुखणं, अनोळखी जागा, लघवीचं इन्फेक्शन, झोपेची गोळी एकदम तुटणं, यांचा एकत्र घाव बसला की माणूस काही दिवस भ्रमात जातो. सकाळी बरा, रात्री बिथरलेला. खुब्याच्या ऑपरेशननंतर हे इतकं सर्रास होतं की प्रत्येक वॉर्डात त्याची वाट पाहायला हवी. उपाय साधे आहेत: चष्मा डोळ्यांवर ठेवा, खिडकीजवळ खाट द्या, ओळखीचं माणूस जवळ बसवा, तिच्या भाषेत बोला, लघवी तपासा, हात बांधू नका. लेक दोन रात्री उशाशी बसून तेलुगूत बोलत राहिली. भोंगा झाला, डबा गेला, असं सांगत राहिली. चौथ्या दिवशी अव्वानं मराठीत चहा मागितला.

आमच्या शिक्षणात बाळाची वाढ कशी मोजायची याची पानंच्या पानं होती. म्हातारपणाला धडा म्हणावा असा एकच, तोही परीक्षेला न येणारा. आरोग्ययंत्रणाही आईबाळाभोवतीच उभी राहिली, आणि ते त्या काळी बरोबरच होतं. आशाताई दारात आली की पहिला प्रश्न आजही तोच, घरात कोणी गरोदर आहे का? अव्वानं तिला एकदा उत्तर दिलं होतं, "आहे की, पुण्यात आहे."

लेकीचा हिशोब

अव्वा घरी आली म्हणजे लेकीच्या घरी आली. दहा बाय बारा. तिथं नवरा, मुलगा, आणि आता भिंतीकडेला आईची खाट. मुलाची झोपायची जागा गेली, तो मित्राकडे जायला लागला.

लेक ५३ वर्षांची, तीही विडी कामगार. सोलापुरात साठ-सत्तर हजार बायका विड्या वळतात असं नेहमी सांगितलं जातं. कारखान्याच्या ब्रँचमधून पान-तंबाखू आणायचं, पान भिजवायचं, कात्रीनं साच्यावर कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा, कट्टे करून नेऊन द्यायचे. मजुरी हजारावर. वाईट निघालेल्या विड्यांची छाट होते, ती भरून द्यावी लागते. लेकीच्या दिवसाला आठशे व्हायच्या. आईला उठवणं, बसवणं, भांडं देणं, पुसणं, भरवणं, व्यायाम करवणं, यात त्या तीनशेवर आल्या. हात मधेच थांबला की वळण बिघडतं, म्हणून छाटही वाढली.

हा तोटा कुठल्याच हिशोबात लिहिला जात नाही. ऑपरेशनला योजना होती. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरात सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्डही आलं. चांगली गोष्ट आहे, पण ते कार्ड रुग्णालयात भरती झाल्यावर चालतं. अव्वा रुग्णालयात अकरा दिवस होती. त्याच्यापुढचे महिने घरात काढायचे होते, आणि तिथं कार्डाला कोणी विचारत नाही. मोठ्यांचा एक डायपर तीस-पस्तीस रुपयांना. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट एका फेरीचे चारशे म्हणाला. दिवसभराची मावशी पाचशे. अव्वाचं उत्पन्न म्हणजे भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन, महिना हजार रुपये. ही किमान रक्कम २०१४ साली ठरली, ती तिथंच आहे. श्रावणबाळ योजनेत महिना दीड हजार मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं. रेशन कार्डावर पुण्यातला आणि भिवंडीतला मुलगा आहे, दोघं कमावते. पुण्याचा महिन्याला तीन हजार पाठवतो, त्याचं स्वतःचं भाडं नऊ हजार आहे. भिवंडीच्याचा फोन लागत नाही.

२००७ च्या कायद्यानं मुलांवर आईबापांचा निर्वाह बंधनकारक आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हे मी अव्वाला सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. "पोरावर केस? त्याचं काय आहे माझ्याहून जास्त?"

मी या कायद्याच्या विरोधात नाही. ज्या घरात आहे आणि देत नाहीत तिथं तो हवाच. पण इथं देणाऱ्याकडेही नव्हतं, आणि भार जाऊन बसला तो चौघांपैकी जी सर्वांत जवळ राहते आणि सर्वांत कमी कमावते तिच्यावर. लोकसंख्याशास्त्रात कमावत्या वयाच्या माणसांवर किती म्हाताऱ्यांचा भार, याचं गुणोत्तर काढतात. त्यात १५ ते ५९ ची सगळी माणसं एका ओळीत उभी असतात. प्रत्यक्षात त्या ओळीतून एक पन्नाशीची बाई बाहेर काढली जाते आणि तिच्या मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं जातं.

पुणे, पाच आठवडे

जूनमध्ये मुलगा येऊन अव्वाला पुण्याला घेऊन गेला. मनापासून नेलं, सुनेनंही केलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सून सकाळी आठला बाहेर, मुलगा रात्रपाळीहून येऊन झोपलेला. खिडकीतून दुसरी इमारत. वॉकर घेऊन चालायला दाराबाहेर जागा नाही. जिना उतरता येत नाही म्हणून पाच आठवड्यांत ती एकदाही जमिनीवर आली नाही. तेलुगू बोलायला कोणी नाही, मिश्री लावली की नातवंडं नाक धरतात. ती जेवण कमी करत गेली, कारण जेवलं की संडासला जावं लागतं आणि संडासला जायला कुणाला तरी उठवावं लागतं.

जुलैत परत आली तेव्हा वजन ३८ होतं.

"म्हाताऱ्या माणसाला मुलांकडे न्यावं" हा सल्ला मी स्वतः अनेकांना दिलेला आहे. आता देताना आधी विचारते, कितवा मजला.

काय केलं, किती टिकलं

औषधं चारावरून दोनावर आणली. अंगदुखीची गोळी बंद करून साधी पॅरासिटामॉल आणि शेक. झोपेची गोळी पुन्हा मागायला लागली होती. अर्धी, मग पाव, मग दिवसाआड पाव, असं करत सहा आठवड्यांत सोडवली, त्या सहा आठवड्यांत तिनं मला भरपूर शिव्या दिल्या. हाडांसाठी आठवड्याची गोळी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. खाण्यात ज्वारीची आंबील, ताकात शेंगाचं कूट, रोज एक अंडं. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्यांपैकी पाचातलं एक तरी वर्षभरात जातं, हे मी लेकीला सांगितलं नाही, स्वतःला मात्र रोज सांगत होते.

व्यायाम फिजिओकडून एकदा शिकून लेकीच्या मुलानं करून घेतला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला त्यानंच मोबाईलवर चेहरा दाखवून काढून दिला. बोटांच्या ठशाची कटकट त्यामुळे तरी संपली.

अव्वाला तिच्याच घरी परत जायचं होतं. म्हणून घर तिच्याजोगं केलं. मोरीत आणि दारात लोखंडी दांडी, गवंड्यासकट बाराशे रुपये. पायरीवर खरबरीत सिमेंट. दारात दिवा. मोरीतलं पिंप काढून कमरेइतक्या उंचीच्या कट्ट्यावर तोटीचा ड्रम ठेवला, म्हणजे घागर उचलायचं कामच उरलं नाही. संपूर्ण प्रकरणात हाड वाचवण्याच्या दृष्टीनं सर्वांत मोलाची वस्तू हा ड्रम आहे असं माझं मत झालं आहे, आणि तो कुठल्याही योजनेत बसत नाही.

ड्रम भरायचा कोणी, हा प्रश्न उरला. बोळातल्या चार पोरांनी पाण्याच्या रात्री पाइप लावून म्हाताऱ्यांचे ड्रम भरून द्यायचे असं ठरवलं. मोबाईलवर ग्रुप केला, पाणी सुटलं की मेसेज. "काय बे, अव्वाचा ड्रम झाला का?" असा आवाज रात्री तीनला बोळात यायचा. मोटारवाल्यांनीही दहा मिनिटं मोटारी बंद ठेवायचं कबूल केलं. पावसाळाभर हे झकास चाललं. नारळी पौर्णिमेला, १९ ऑगस्टला, मार्कंडेय महामुनींचा रथ निघाला तेव्हा अव्वा वॉकर धरून दारात उभी होती, पुण्याचा मुलगाही आलेला होता. दिवाळीनंतर चारांतल्या एकाला चाकणला काम लागलं, दुसरा हिंजवडीत हाऊसकीपिंगला गेला. उरलेल्या दोघांना जमेना. मग एकच जण यायचा, तोही आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला.

मोटारी पुन्हा एकदम सुरू होतात.

जानेवारी

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत लेक दवाखान्यात आली, आईच्या गोळ्या न्यायला. मी मोजून पाहिलं, आईच्या गोळ्या महिन्याच्या आधीच संपलेल्या होत्या. दोन महिने असंच होत होतं. मी जरा आवाज चढवून विचारलं, अव्वा दोन-दोन घेते की काय?

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझं डोकं दुखतं मॅडम मागून. पाणी भरून आल्यावर गरगरतं. म्हणून तिच्यातली अर्धी मी घेते. दोघींचं एकाच चिठ्ठीत भागतं."

बीपी मोजलं. १७२ वर १०४. पाण्याच्या रात्री हल्ली आईचा ड्रम तीच भरते, आधी स्वतःच्या घरचं, मग तीन बोळं ओलांडून तिथलं. मुलगा कुठंय म्हणून विचारलं, तर परवाच्या हुतात्मानं गेला, खराडीला, बघू कायम करतात का.

मी नवं कार्ड काढलं. वय ५४, वजन ४७, व्यवसाय विडी वळणे. घरात कोण कोण, हा रकाना आता मी पहिल्याच भेटीला भरते. विचारून भरला.